अंबरीच्या सहा पेट्या : पार्ल्यातल्या एका फळवाल्याचं प्रकरण

दिवाळी होऊन आठवडा उलटला होता. विलेपार्ले पूर्वेला स्टेशनजवळ ज्यांच्याकडून मी वीसेक वर्षं फळं घेते, त्या दादांनी संध्याकाळी हाक मारली. "बाई, घाई नसेल तर जरा बघता का? तुमच्या विषयातलंच आहे." त्यांची थोरली मुलगी माझ्याकडे वनस्पतीशास्त्र शिकली. तेव्हापासून फळाफुलाचं काही अडलं की दादा मला थांबवतात. मागे लाकडी पेट्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि पुढे एका टोपलीत परत आलेली सफरचंदं. काही अख्खी, काही एकच घास घेऊन परत आणलेली.

दादांनी वाशीच्या फळबाजारातून सहा पेट्या उचलल्या होत्या. आडत्याने सांगितलं, काश्मीरातल्या शोपियांची अंबरी आहे, जुनी जात, इकडे क्वचितच येते. नाव दादांच्या कानावरचं होतं. त्यांचे वडील क्रॉफर्ड मार्केटात हमाली करत. अंबरीची पेटी फोडली की वास गाळ्याबाहेर येतो, असं ते घरी सांगायचे. त्या एका आठवणीवर दादांनी नेहमीच्या मालापेक्षा चढा भाव दिला. वडिलांच्या तोंडून ऐकलेलं फळ आपल्या गाडीवर विकायचं, एवढाच त्यात हट्ट होता. चार दिवसांत टोपली परत आलेल्या फळांनी भरली.

मी त्यांना कोण काय म्हणालं ते एकेक करून सांगायला लावलं. कच्ची आहेत. रंग नाही, पिवळी पडलीत. दगडासारखी आहेत, आईला चावत नाहीत. आणि एका बाईंनी सांगितलेलं, पिठूळ आहेत, तोंडात भुसा झाल्यासारखं वाटतं.

पहिल्या तीन तक्रारी एका फळाच्या असू शकतात. चौथी त्यांच्यात बसत नव्हती. दगडासारखं टणक सफरचंद त्याच दिवशी पिठूळ असत नाही. याचा अर्थ पेट्यांमध्ये एकच फळ नव्हतं. मी दादांना म्हटलं, "आज विक्री थांबवा. उद्या दुपारी दुकान शांत असतं तेव्हा सगळ्या पेट्या उघडून बघू."

अंबरी कशी असते

पेट्या उघडण्याआधी काय शोधायचं ते ठरवणं भाग होतं. मुंबईतला माणूस सफरचंद लाल आणि मोठं आहे का एवढंच बघतो, आणि या दोन्ही कसोट्यांवर अंबरी नापास होते.

अंबरी ही काश्मीर खोऱ्याची स्वतःची जात. बाहेरून आणलेल्या विलायती जातींच्या आधीपासून तिथे आहे. अंबर या सुगंधी द्रव्यावरून नाव पडलं असं तिकडे सांगतात. काश्मीरच्या जमीनमहसुलाची आकारणी केलेल्या वॉल्टर लॉरेन्स यांनी १८९५ साली तिच्याबद्दल लिहिलं आहे. ऑक्टोबरात पिकणारं, लाल-पांढरं, गोड, बराच काळ टिकणारं आणि खोऱ्याबाहेर पुष्कळ पाठवलं जाणारं फळ, असं त्यांचं वर्णन. सव्वाशे वर्षांनंतरही ते तंतोतंत लागू पडतं, याचं मला फार कौतुक वाटतं.

फळ मध्यम आकाराचं. देठाकडे रुंद आणि खाली किंचित निमुळतं होत गेलेलं. सालीचा मूळ रंग हिरवट पिवळा आणि त्यावर लाल रेघा, ज्या बाजूला ऊन लागलं तिथे दाट, दुसऱ्या बाजूला विरळ. सगळीकडे एकसारखी लाल अंबरी मिळाली तर मला आधी शंका येईल. काश्मीरच्या कृषी विद्यापीठाने बाजारात नेहमी दिसणारी लाल रेड डिलिशस आणि अंबरी यांच्या संकरातून 'लाल अंबरी' आणि अंबरी व गोल्डन डिलिशस यांच्या संकरातून 'सुनहरी' अशा जाती काढल्या आहेत. फळं चांगली आहेत, पण ती अंबरीची लेकरं, अंबरी नव्हेत. आतला गर पांढरा, घट्ट, चावला की आवाज करणारा. आंबटपणा कमी, गोडी जास्त. आणि वास.

वासाबद्दल थोडं थांबायला हवं. सफरचंदाचा सुगंध एस्टर नावाच्या उडनशील रसायनांचा असतो आणि ती रसायनं फळ पिकत असतानाच तयार होतात. फळ हिरवट असताना तोडलं किंवा महिनोन्‌महिने प्राणवायू कमी केलेल्या शीतगृहात ठेवलं, तर साल ताजी राहते पण वास अर्धामुर्धा होतो. आपल्याकडे जून-जुलैत मिळणारं चकचकीत सफरचंद नाकाला लावलं तर ओल्या पुठ्ठ्याशिवाय काही जाणवत नाही, त्याचं हे मोठं कारण. अंबरी झाडावरच उशिरापर्यंत राहते आणि शीतगृहाशिवाय टिकते. म्हणून तिचा वास तिच्याजवळच राहतो.

पेट्या उघडल्या तेव्हा

काश्मीरची जुन्या पद्धतीची पेटी बघण्यासारखी असते. सफेद्याच्या (पॉपलरच्या) हलक्या फळ्या, आत भाताचा पेंढा, मध्ये उर्दू वर्तमानपत्राचे कागद आणि थर लावून बसवलेली फळं. दादांनी पकडीने वरचे खिळे उपसले आणि आम्ही एकेक थर काढून सुपात ठेवत गेलो. त्यांची धाकटी मुलगी वहीत लिहीत होती.

पहिल्या चार पेट्यांत वरपासून खालपर्यंत तेच फळ निघालं. पिवळट, रेघांचं, मध्यम. पाचव्या आणि सहाव्या पेटीत वरचा थर तसाच होता, पण दुसऱ्या थरापासून फळ बदललं. रंग गडद लाल, आकार लांबट, खांदे रुंद. मी एक उचलून उलटं धरलं. देठाच्या विरुद्ध टोकाला, जिथे फुलाचे वाळलेले अवशेष असतात, तिथे पाच उंचवटे स्पष्ट दिसत होते. ही रेड डिलिशसची सही. अंगठ्याने ते उंचवटे एकदा चाचपले की नंतर डोळे मिटूनही ओळखता येतात. दादांच्या मुलीने पुढची वीसेक फळं तशीच ओळखून दाखवली.

दादा गप्प बसले होते. मग म्हणाले, "म्हणजे फसवलं ना, बाई?"

मी त्यावर हो म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. सफरचंदाच्या बहुतेक जातींना स्वतःच्या परागांनी फळ धरत नाही. शेजारी दुसरी जात लागतेच. जुन्या बागेत अंबरीची थोडी झाडं आणि भोवती डिलिशसची पुष्कळ, असं असतं. शेवटच्या तोडणीला पेटी भरायला अंबरी कमी पडली असेल, उरलेली जागा दुसऱ्या फळाने भरली असेल. कोणी जाणूनबुजून केलं की घाईत झालं, हे पार्ल्यात बसून ठरवता येत नव्हतं. आमच्या हातात होतं ते एवढंच, की दोन पेट्यांतल्या वरच्या थराने खालच्या थरांचं नाव बदललं होतं.

डिलिशसचाही दोष नव्हता. मूळ झाड अमेरिकेत आयोवामध्ये जेसी हायट यांच्या शेतात उगवलं. १८९० च्या दशकात स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेने ते विकत घेऊन डिलिशस नावाने पसरवलं. तिथून सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास शिमल्याजवळ कोटगढला कलमं आणून लावली. हे स्टोक्स पुढे सत्यानंद झाले. आज हिमाचलच्या डोंगरात सफरचंदावर जी घरं उभी आहेत, त्यांची सुरुवात तिथे आहे. फळ चांगलंच होतं. पण एखाद्या फांदीला जास्त लाल फळ आलं की त्याच फांदीची कलमं करायची, पुढे त्याहून लाल फांदी निवडायची, असं दशकानुदशकं चाललं. लाली वाढत गेली, चव मागे पडत गेली. अशा फळात लाल रंग पिकण्याआधीच चढतो. तेव्हा लाली बघून पिकलंय की नाही हे कळायचा मार्गच बंद होतो. खरी खूण लाल नव्हे, तिच्याखालचा हिरवा रंग पिवळा झाला का, ही. दादांच्या गिऱ्हाइकांनी ज्याला "पिवळी पडलीत" म्हटलं, ते अंबरी तयार झाल्याचं लक्षण होतं.

टिंक्चर आयोडीन

केमिस्टकडून एक लहान बाटली आणली. स्टीलच्या ताटात दोन फळं आडवी कापून ठेवली, एक अंबरी, एक डिलिशस. आडवं कापलं की मध्ये पाच पाकळ्यांची चांदणी दिसते. दोन्हीत बिया काळपट तपकिरी, म्हणजे फळं कोवळी तोडलेली नव्हती. आयोडीन पाण्यात पातळ करून ब्रशने कापावर फिरवलं.

सफरचंद झाडावर असताना साखर पिष्टाच्या (स्टार्चच्या) रूपात साठवतं आणि पिकताना त्या पिष्टाची साखर होते. पिष्टाला आयोडीन लागलं की ते निळं-काळं होतं. हा बदल आतून बाहेर सरकतो, चांदणीपासून सालीकडे. दोनेक मिनिटांत डिलिशसचा काप नुसता पिवळट राहिला, कुठेही निळं नाही. अंबरीच्या कापावर सालीलगत निळ्या रंगाची बारीक झालर उमटली, जणू इरकली लुगड्याचा काठ. दादांची बायको गल्ल्यावर बसली होती. ती उठून आली आणि बराच वेळ ते ताट बघत राहिली. (आयोडीन लावलेली फळं खायची नसतात, ती टाकून दिली.)

त्या झालरीने तीन तक्रारींचा निकाल लागला. अंबरी कच्ची नव्हती, पण तिचं काम संपायचं होतं. घरात ठेवून आणखी आठ-दहा दिवसांनी ती जास्त गोड होणार होती. डिलिशसचं काम संपून गेलं होतं. चौथ्या तक्रारीचं उत्तरही तिथेच. ताज्या सफरचंदात पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्याने घट्ट चिकटलेल्या असतात. चावलं की त्या फुटतात आणि रस तोंडात येतो. जास्त पिकलेल्या फळात ते पेक्टिन विरघळतं. मग पेशी न फुटता नुसत्या सुट्या होतात. रस आतच अडकतो आणि जिभेला भुसा लागतो. फळात पाणी तेवढंच असतं, ते आपल्यापर्यंत पोचत नाही.

इथे दादांच्या दुकानाचीही एक चूक निघाली. केळ्यांचे घड त्यांनी नेमके या पेट्यांवर टांगले होते. पिकणारी केळी इथिलीन वायू सोडतात आणि त्याने सफरचंदाचं पिकणं वेगात होतं. डिलिशस आधीच उताराला लागली होती, केळ्यांनी तिला ढकललं. घड त्याच दिवशी पलीकडच्या खुंटीवर गेले. शिवाय फळं फडक्याने घासून चमकवायची सवयही सोडायला सांगितली. सफरचंदावर त्याचं स्वतःचं मेण असतं, त्यानेच आतलं पाणी धरून ठेवलेलं असतं. नखाने खरवडून "मेण लावलंय" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकालाही दादा आता हे समजावून सांगतात.

महिनाभराची परीक्षा

अंबरीची खरी ख्याती टिकण्याची. पण ती ख्याती काश्मीरच्या हिवाळ्यातली. तिथे घराच्या गार खोलीत पेंढ्यात ठेवलेली अंबरी थंडीभर पुरते. मुंबईत नोव्हेंबरात दुपारी तिशीपार तापमान. दहा अंश वाढले की फळाचा श्वासोच्छ्वास दुपटी-तिपटीने वाढतो. तेव्हा काश्मीरची गोष्ट पार्ल्यात सांगून विकणं हे खोटंच झालं असतं. इथे किती टिकते, ते इथेच बघायला हवं होतं.

दहा अंबरी आणि दहा डिलिशस वेगळ्या काढल्या, देठाला दोरा बांधून खूण केली आणि दोन निरनिराळ्या पेट्यांत पेंढ्यात ठेवून दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवल्या. दर सोमवारी दादांच्या काट्यावर वजन. दहा अंबरी मिळून १ किलो ३९० ग्रॅम भरल्या. म्हणजे एकेक फळ १४० ग्रॅमच्या आतबाहेर. मुंबईच्या डोळ्यांना फळ लहान वाटेल, हे तेवढं खरं होतं.

दुसऱ्या आठवड्यात डिलिशस अंगठ्याखाली दबू लागली. तिसऱ्यात चार फळं आतून तपकिरी निघाली आणि आम्ही ती बाजू थांबवली. अंबरी तिसऱ्या आठवड्यात सगळ्यात चांगली लागली. आयोडीनला निळं काही उरलं नव्हतं, गर अजून कुरकुरीत, आणि पेटीचं झाकण उचललं की वास समोर यायचा. वडिलांच्या गोष्टीतला वास तोच का, हे दादांना सांगता येणं शक्य नव्हतं, त्यांनी तो कधी घेतलाच नव्हता. पण ते रोज एकदा झाकण उचलून बघू लागले. चौथ्या आठवड्याच्या शेवटी उरलेल्या फळांचं वजन पाचेक टक्क्यांनी उतरलं होतं. पाचेक टक्के पाणी गेलं की सफरचंदाची साल सुरकुतायला लागते, आणि देठाजवळ सुरकुत्या दिसू लागल्याच. चव अजून होती, विकण्याजोगं रूप नव्हतं. दहापैकी एक फळ मध्येच गेलं. खिळ्याने जखम झालेल्या जागी निळसर बुरशी धरली होती. अशी बुरशी कापून उरलेलं खाऊ नये. तिचं विष डोळ्यांना दिसणाऱ्या डागाच्या पुढेही पसरलेलं असू शकतं.

मी घरी सहा अंबरी फ्रिजच्या भाजीच्या खणात कागदी पिशवीत ठेवल्या. त्या संक्रांतीपर्यंत टणक राहिल्या. मात्र फ्रिजमधून काढून लगेच खाल्ली तर ती साधीच लागते, कारण गारठ्यात वास दबतो. आदल्या रात्री बाहेर काढून ठेवली तर सकाळी ओळखू येते.

विक्री

दोन पेट्यांतली डिलिशस दादांनी त्याच आठवड्यात निम्म्या भावाने काढली, "शिजवायला" असं सांगून. पिठूळ फळ कच्चं खायला वाईट, पण शिऱ्यात किंवा मुरंब्यात चटकन मऊ होतं. टोपलीतली फळं परत आणलेल्या सगळ्यांना पैसे दिले. यात त्यांचं नुकसान झालं आणि ते त्यांनी सोसलं.

अंबरीचा भावही पाडायचा असं त्यांच्या मनात होतं. मी जोरात विरोध केला. भाव पाडला की फळ डागी आहे हे आपणच कबूल केल्यासारखं होतं. त्याऐवजी दहा दिवस ती पुढे मांडलीच नाही. मग काळ्या पाटीवर मुलीच्या अक्षरात लिहिलं : "अंबरी. काश्मीरची जुनी जात. लहान, पिवळी-लाल, कडक. सावलीत तीन आठवडे राहते. चावायला त्रास असेल तर घेऊ नये." शेवटचं वाक्य दादांच्या बायकोचं. ते मला सगळ्यात पटलं. पाटीखाली एक कापलेली फोड ठेवायची, दर तासाला नवी. लिंबू लावायचं नाही, कारण वास झाकला जातो. फोड काळी पडू लागली की बदलायची.

माल संपायला डिसेंबर उजाडला. एकदम उचल झालीच नाही. डिलिशसच्या दोन डझनांमागे अंबरीची चार फळं, असं चालायचं. घेणारे बहुतेक म्हातारे किंवा मग कॉलेजमधली मुलं, ज्यांना वेगळं काही चाखायचं असतं. पार्ल्याच्या एका आजोबांनी बिया कुंडीत लावायला मागितल्या. त्यांना सांगावं लागलं की बीपासून अंबरी येत नाही. सफरचंदाचं प्रत्येक बी वेगळं झाड देतं, म्हणून अंबरी पिढ्यान्‌पिढ्या कलमानेच चालत आली आहे. आजचं प्रत्येक झाड म्हणजे जुन्या कुठल्यातरी झाडाची फांदी. आणि तिला हिवाळ्यात शेकडो तास कडक गारठा लागतो, तो मुंबईत एक तासही मिळत नाही. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी निवडलेली एचआरएमएन-९९ ही जात कमी थंडीत फळते आणि महाराष्ट्रातही काहींनी लावली आहे. आजोबांना तिचं नाव लिहून दिलं, पण बाल्कनीचा आग्रह धरू नका असंही सांगितलं.

अंबरीची झाडं काश्मीरात कमी का झाली, हे त्या महिन्यात दादांनी मला पुनःपुन्हा विचारलं. कारण शेतकऱ्याच्या हिशेबात आहे. अंबरीचं झाड मोठं होतं आणि फळ द्यायला फार वर्षं घेतं. नंतरही पीक दरवर्षी सारखं येत नाही. डिलिशस लवकर फळते, भरघोस फळते आणि दिल्ली-मुंबईच्या बाजारात लाल दिसते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बागाच्या बागा बदलल्या. त्या शेतकऱ्याला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. त्याचं लाल फळ आपणच मागत होतो. पाचव्या-सहाव्या पेटीतला वरचा थर आणि खालचा थर मला त्या दिवशी त्याच मागणीचे दोन तुकडे वाटले.

यंदा ऑक्टोबर संपताना दादा पुन्हा वाशीला गेले. सहाऐवजी दोनच पेट्या आणल्या. आडत्याच्या गाळ्यावरच त्यांनी पहिली पेटी आडवी केली, मग पालथी केली आणि पकडीने तळाची फळी उघडली.